थरथरणारा पत्रा आणि प्रयोगाचा तास

प्रिय विद्यार्थी, पालक बंधू-भगिनी आणि सन्माननीय विश्वस्त मंडळी,



नव्या सत्राचे वेळापत्रक आखण्याचे काम सुरू आहे. अकरावीच्या विज्ञान शाखेचे आठवड्यातील प्रयोगाचे दोन तास प्रवेश परीक्षेच्या सरावाला द्यावेत, अशी सूचना काही पालकांकडून आली आहे. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत तिच्यावर विचार व्हायचा आहे. सूचना करणाऱ्यांची तळमळ आम्ही जाणतो. तरीही या बाबतीत आमचे मत निराळे आहे. ते का, हे एका उदाहरणावरून सांगावे असे वाटते. उदाहरण आहे विमानाच्या पत्र्याचे.

आपण ग्वाल्हेरकर. महाराजपूरच्या हवाई तळावरील मिराज २००० विमाने १९८५ पासून आपल्या ओळखीची आहेत. आवाजाच्या दुपटीहून अधिक वेग गाठू शकणारे हे विमान. त्याचे चित्र पाहिलेत तर दोन्ही बाजूंना, हवा आत घेण्याच्या तोंडाशी, अर्ध्या शंकूच्या आकाराचा एक भाग दिसेल. तो शोभेसाठी नाही. आवाजापेक्षा वेगाने येणारी हवा इंजिनाला तशीच्या तशी चालत नाही. आधी तिचा वेग कमी करावा लागतो. त्या शंकूमुळे हवेत एक आघात तरंग तयार होतो आणि त्यातून जाताना हवा मंदावते. वेग बदलला की हा शंकू पुढेमागे सरकवून तरंग योग्य जागी ठेवतात.

आघात तरंग म्हणजे काय? आवाज हवेत साधारणपणे सेकंदाला ३४० मीटर जातो. विमान त्याहून सावकाश असेल तर त्याची चाहूल पुढच्या हवेला आधीच लागते आणि ती बाजूला होते. विमान आवाजालाही मागे टाकत असेल तर चाहूल लागणार कशी? मग हवेला अगदी आयत्या वेळी, एका अतिशय पातळ थरात, दाब आणि तापमान बदलावे लागते. या थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. हवा आवाजाच्या दुप्पट वेगाने येत असेल आणि तरंग तिच्या वाटेत सरळ आडवा उभा असेल, तर तो ओलांडताच दाब साडेचारपट होतो. तरंग तिरपा असेल तर वाढ कमी असते, पण ती तितकीच अचानक असते.

विद्यार्थी मित्रांनो, याचे एक रूप तुम्ही मोरीत पाहू शकता. नळाची बारीक धार सपाट ताटावर पडू द्या. पाणी आधी पातळ होऊन वेगाने पसरते आणि काही अंतरावर एकदम जाड होऊन गोल कडे तयार होते. त्या कड्याच्या आत, वेगवान पाण्यात, बोट ठेवा. बोटापासून मागे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन रेषा निघतील. पाणी आणि हवा एक नव्हेत, पण पुढची चाहूल न लागता प्रवाहाने एकदम बदलणे म्हणजे काय, ते इथे डोळ्यांना दिसते.

आता पत्र्याकडे येऊ. विमानाचे किंवा रॉकेटचे अंग भरीव नसते. आत फासळ्या असतात आणि त्यांवर पातळ पत्रा ठोकलेला असतो. दोन फासळ्यांमधला पत्र्याचा एक चौकोन डोळ्यांपुढे आणा. वरून आवाजापेक्षा वेगवान हवा वाहते आहे आणि खाली, आतल्या पोकळीत, हवा शांत आहे. हा चौकोन एका ठरावीक वेगानंतर थरथरू लागतो. का?

इथे बहुतेक मुले चटकन उत्तर देतात, ‘रेझोनन्स.’ आम्ही हिंदी माध्यमातून पदवीपर्यंत शिकलो. आमच्या पुस्तकात त्याला ‘अनुनाद’ म्हणत. मराठी शास्त्रीय लेखनात ‘अनुस्पंदन’ हा शब्द आहे. शब्द तिन्ही चांगले, पण पत्र्याच्या प्रश्नाचे ते उत्तर नाही.

फरक समजण्यासाठी दोन वाद्ये पाहू. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तानपुरा आणि पेटी यांची ओळख करून द्यावी लागत नाही. दोन तानपुरे एकाच सुरात लावा, एकाची तार छेडा. दुसऱ्याची तीच तार हात न लावता कंप पावते. तिच्यावर कागदाचा छोटा कपटा दुमडून ठेवला तर तो हलतो, कधी खाली पडतो. दुसरी तार थोडी उतरवली की कपटा जागचा हलत नाही. हे अनुस्पंदन. बाहेरून कोणीतरी ठरावीक तालात धक्के देतो आहे आणि तो ताल तारेच्या स्वतःच्या तालाशी जुळला आहे.

आता पेटी घ्या. भात्यातून येणारी हवा एकसारखी असते, तिच्यात ताल नसतो. तरी पितळेची पातळ पट्टी त्या हवेत हलू लागते. पट्टी हलली की हवेची वाट कमी-जास्त होते, वाट बदलली की पट्टीवरचा दाब बदलतो आणि तो दाब पट्टीला आणखी हलवतो. ताल बाहेरून आलेला नाही. पट्टी आणि हवा यांनी मिळून तो निर्माण केला आहे. याला स्वयंप्रेरित कंपन म्हणता येईल. विमानाचा पत्रा तानपुऱ्याच्या बाजूचा नाही, तो पेटीच्या बाजूचा आहे. इंजिनियर त्याला ‘पॅनेल फ्लटर’ म्हणतात.

पत्र्यात हे घडते कसे, तेही सांगतो. आवाजापेक्षा वेगवान, म्हणजे स्वनातीत, हवेत पृष्ठभागावरचा दाब मुख्यतः तिथल्या उतारावर ठरतो. हवेला सामोरा चढ असेल तिथे दाब वाढतो, पलीकडच्या उतारावर तो घटतो. पत्र्याचा मधला भाग जरासा वर फुगला आहे असे समजा. त्याचा पुढचा अर्धा भाग चढ आहे, तो खाली दाबला जातो. मागचा अर्धा उतार आहे, तो वर ओढला जातो. म्हणजे एका फुगवट्याचा आकार हवेमुळे दुसऱ्याच आकाराकडे ढकलला जातो, ज्यात पुढचा भाग खाली आणि मागचा वर असतो. पत्र्याची ही दोन स्वाभाविक कंपने आहेत आणि शांत हवेत प्रत्येकाची वारंवारता वेगळी असते. हवेचा जोर वाढत गेला की या दोन वारंवारता एकमेकींच्या जवळ येतात. त्या एक झाल्या की प्रत्येक फेऱ्यात पत्रा हवेला जेवढी ऊर्जा देतो त्याहून अधिक तिच्याकडून घेतो, आणि कंपन वाढू लागते.

मग पत्रा फाटत का नाही? चारही कडा बांधलेल्या असल्याने तो जितका अधिक वाकतो तितका ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा अधिक ताठ होतो. त्यामुळे कंपन वाढत वाढत एका मर्यादेवर थांबते. पुष्कळदा ही मर्यादा पत्र्याच्या जाडीइतकीच असते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अर्ल डोवेल यांनी १९६६ मध्ये हे गणिताने नीट मांडले. पण मर्यादा आली म्हणजे धोका टळला असे नाही. तीच तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा पत्राही शेवटी थकून तडकू शकतो. अमेरिकेच्या एक्स-१५ या रॉकेट-विमानाने १९५९ मध्ये उड्डाणे सुरू केली. त्याच्या बाजूच्या लांब आवरणांचे पत्रे असेच थरथरू लागले आणि त्यांना आधार देणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

आता यात आघात तरंग आणा. इंजिनाच्या तोंडापासून किंवा शेजारच्या एखाद्या भागापासून निघालेला तिरपा तरंग पत्र्यावर येऊन पडतो. तो जिथे पडतो त्याच्या पुढे दाब कमी, मागे दाब जास्त. शिवाय पत्र्याला चिकटून वाहणारा हवेचा मंद थर हा अचानक वाढलेला दाब सोसू शकत नाही. तरंग जोरदार असेल तर तो थर पत्र्यापासून सुटतो आणि तिथे घुटमळणाऱ्या हवेचा फुगा तयार होतो. हा फुगा लहानमोठा होत राहतो आणि त्याबरोबर तरंगाचा पायाही पुढेमागे सरकतो. त्या थरातल्या भोवऱ्यांच्या मानाने ही हालचाल फार संथ, साधारण शंभरपट संथ असते. पत्रा हलला की तरंग हलतो, तरंग हलला की पत्रा हलतो. कोण कोणाला हलवतो हे वेगळे काढता येत नाही.

अमेरिकेच्या हवाई दलाच्या डेटन येथील संशोधन प्रयोगशाळेतील मिगेल विस्बाल यांनी २०१२ मध्ये याची संगणकावर गणिते प्रसिद्ध केली. पडणारा तरंग पुरेसा जोरदार असेल तर पत्रा एरवीपेक्षा कमी जोराच्या हवेतच थरथरू लागतो, असे त्यांतून दिसले. त्याच संस्थेत पुढे आवाजाच्या दुप्पट वेगाच्या हवेत खरा पातळ पत्रा ठेवून, वेगवान कॅमेऱ्यांनी त्याची हालचाल टिपण्यात आली. संगणक हाताशी असताना हा खटाटोप कशाला? कारण पत्रा थोडा तापला किंवा खालच्या पोकळीतला दाब थोडा बदलला तरी वागणूक बदलते, आणि या गोष्टी प्रत्यक्ष मोजूनच समजतात.

आपल्या देशाचाही या विषयाशी जुना संबंध आहे. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेले सतीश धवन तरुणपणी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे हान्स लीपमन यांच्याकडे शिकत होते. लीपमन, अनातोल रोश्को आणि धवन या तिघांनी, आघात तरंग पृष्ठभागालगतच्या थरावर आपटून कसा परततो, याचे प्रयोग केले. तो थर शांत आहे की खळबळलेला, यावर परतण्याची रीत अवलंबून असते, हे त्यांनी दाखवले. १९५१ मध्ये धवन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि देशातला पहिला स्वनातीत वातबोगदा त्यांनी तिथे उभारला. या गृहस्थांनी इंजिनियरिंगच्या पदवीबरोबर इंग्रजी साहित्यात एम.ए. ही केले होते, हे आमच्या कला शाखेच्या मुलांनी ध्यानात ठेवावे. ७ सप्टेंबर २०२० रोजी आपल्या डीआरडीओने आवाजाच्या सहापट वेगाने जाणाऱ्या, स्क्रॅमजेट इंजिन असलेल्या यानाची यशस्वी चाचणी केली. अशा इंजिनात आघात तरंग एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत आत जातात. म्हणजे हा प्रश्न उद्या सोडवणाऱ्यांत आपल्या शाळेची मुले असणे मुळीच अशक्य नाही.

आता मूळ मुद्दा. ‘अनुनाद’ म्हटले काय आणि ‘फ्लटर’ म्हटले काय, बिघडले कुठे, असे कोणी विचारेल. बिघडते ते दुरुस्तीत. अनुस्पंदनावर उपाय म्हणजे वस्तूचा ताल बाहेरच्या तालापासून दूर नेणे. तार थोडी उतरवली की झाले. पत्र्याच्या बाबतीत दूर न्यावे असा बाहेरचा तालच नसतो. तिथे पत्र्याचा ताठरपणा वाढवावा लागतो. यातले गणित अकरावीच्या मुलाला झेपेल इतके सोपे आहे. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर तो थरथरू लागायला साधारण आठपट जोराची हवा लागते, पण वजनही दुप्पट होते. उलट जाडी तीच ठेवून मध्ये एक आडवी फासळी घातली आणि प्रवाहाच्या दिशेची लांबी निम्मी केली, तरी लाभ साधारण आठपट आणि वजनाची वाढ थोडीच. ज्याला कारण समजले तो फासळी घालील. ज्याला फक्त नाव पाठ आहे तो ताल शोधत बसेल.

असा गोंधळ मोठमोठ्या पुस्तकांतही झाला आहे. अमेरिकेतला टाकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. अनेक पाठ्यपुस्तके त्याला अनुस्पंदनाचे उदाहरण म्हणून देत आली. १९९१ मध्ये बिल्लाह आणि स्कॅनलन या दोघांनी एका भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात हिशेब मांडला. पूल पिळवटत होता सेकंदाला ०.२ वेळा, म्हणजे पाच सेकंदांना एक फेरा. वाऱ्यातल्या भोवऱ्यांचा ताल होता सेकंदाला सुमारे एक. ताल जुळतच नव्हता. पूल स्वतःच्या हालचालीतूनच एकसारख्या वाऱ्याकडून ऊर्जा घेत होता. पत्रा करतो तेच. चार पर्यायांच्या प्रश्नात ‘अनुनाद’ वर खूण करून गुण मिळत असतीलही, पण त्या खुणेवर पूल बांधता येत नाही.

पालकांची बाजू आम्हाला कळते. प्रवेश परीक्षेवर मुलाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते, शिकवणीची फी भरताना घरात किती ओढाताण होते, हे आम्ही रोज पाहतो. सराव नको असे आमचे म्हणणे मुळीच नाही. सरावासाठी शनिवारी शाळा सुटल्यावर वर्ग आणि शिक्षक द्यायला आम्ही तयार आहोत. पण तो प्रयोगाच्या तासाच्या जागी नको. सराव मुलाला ठाऊक असलेले उत्तर लवकर द्यायला शिकवतो. आपले उत्तर खरे आहे की नाही हे तपासायला प्रयोग शिकवतो, आणि ही सवय सोळाव्या वर्षी लागली नाही तर पुढे लागणे कठीण.

कोणी म्हणतील, प्रयोग हल्ली पडद्यावर दाखवता येतात. जरूर दाखवावेत. पण कपटा हलत नाही तेव्हा तार किती उतरली आहे हे बोटाने चाचपडावे लागते. नळाची धार जास्त सोडली तर कडे ताटाबाहेर जाते, मग ती कमी करावी लागते. ही खटपट पडद्यावर होत नाही, आणि शिकणे असते ते या खटपटीतच.

आणखी एक गोष्ट भाषेची. आपली मुले घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि परीक्षेत पुष्कळदा इंग्रजी वापरतात. एकाच गोष्टीला तीन नावे पाठ करण्यात त्यांचा वेळ जातो, आणि नाव आले म्हणजे गोष्ट आली असा समज होतो. प्रयोगात आधी गोष्ट दिसते, मग तिला तिन्ही भाषांत नाव देता येते. आमच्या पुस्तकातले ‘पराध्वनिक’ आणि मराठीतले ‘स्वनातीत’ एकच आहेत, हे ताटातले पाणी पाहिलेल्या मुलाला वेगळे सांगावे लागणार नाही.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की अकरावीचे प्रयोगाचे दोन्ही तास कायम ठेवावेत. नव्या सत्रात आम्ही तीन साधे प्रयोग घेऊ: दोन तानपुऱ्यांचा, पेटीच्या पट्टीचा आणि नळाखालच्या ताटाचा. चौथा, पंख्यापुढे चौकटीवर सैल आणि मग ताणून बसवलेल्या कागदाचा. पंख्याची हवा स्वनातीत नसते, तिथले कारण वेगळे असते, हेही मुलांना स्पष्ट सांगू. पण ताण वाढला की थरथर कशी बदलते, ते त्यांना हाताने करून पाहता येईल. खर्च जवळजवळ काहीच नाही. ज्यांच्या घरी जुनी, वापरात नसलेली पेटी किंवा तानपुरा असेल त्यांनी तो प्रयोगशाळेला काही दिवस वापरायला द्यावा, ही पालकांना विनंती. वस्तू जपून परत केली जाईल.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी वाऱ्याने शेडचा पत्रा वाजू लागला तर ‘रेझोनन्स’ म्हणून मोकळे होऊ नका. बाहेरून ताल कोणी देतो आहे का, हे आधी पाहा. जे दिसेल ते वहीत लिहा आणि आमच्याकडे आणा. आम्ही वाट पाहू.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य